बडोद्यात भाड्याचं घर: आधी पुराची रेघ बघा

प्रश्न: मुलाला मकरपुरा जीआयडीसीत (औद्योगिक वसाहतीत) नोकरी लागली आहे. आम्ही सांगलीहून येतोय. अलकापुरी परवडत नाही. स्वस्त पण राहण्याजोगी वस्ती कोणती?

उत्तर: मांजलपूर आधी बघा. नोकरी जवळ, बाजार हाताशी. भाडं जास्त वाटलं तर आणखी दक्षिणेला माणेजा. दांडिया बाजारात मराठी शेजार मिळेल, सुरसागर तलाव दोन पावलांवर. पण वाडे जुने, जिने उभे आणि गाडी लावायला जागा नाही. आईवडील सोबत असतील तर तिथे तळमजलाच घ्या.

भाडं अचानक फारच कमी सांगितलं तर विश्वामित्री नदी आठवा. ऑगस्ट २०२४ च्या पुरात समा, अकोटा, मुजमहुडा इथल्या कितीतरी सोसायट्यांत पाणी शिरलं. तिथलं घर घेऊच नये असं नाही, पहिल्या मजल्याच्या वर घ्या. पार्किंगच्या भिंतीकडे नीट बघा: सरळ आडव्या रेघेखाली रंगाला फुगे, पांढरा खार दिसला तर पाणी तिथवर आलं होतं. नुसता तळाशी नवा रंग असेल तरी विचारा. विजेचे मीटर छातीच्या वर आहेत का, तेही पाहा. ते बुडाले की पाणी ओसरल्यावरही अंधारच.

चौकशी दलालाकडे नको, वॉचमन आणि कोपऱ्यावरच्या किराणावाल्याकडे करा. मेंटेनन्स भाड्यात धरलाय की वेगळा, हे ११ महिन्यांच्या करारात लिहून घ्या आणि पोलिसांकडची भाडेकरू नोंदणी घरमालकाकडून लगेच करून घ्या.