गावोगाव प्रदर्शन घेऊन जायचं, हे करिअर होऊ शकतं का?

प्रश्न : माझी मुलगी बारावीला, कला शाखेत आहे. आम्ही सोलापूर जिल्ह्यातल्या एका खेड्यात राहतो. ती नववीत असताना शाळेच्या मैदानात मुंबईच्या संग्रहालयाची बस आली होती. तेव्हापासून तिने एकच धरून ठेवलंय, ‘गावोगाव प्रदर्शन घेऊन जाणाऱ्या लोकांचं काम मला करायचंय.’ तिचे बाबा म्हणतात, डी.एड. कर, निदान नोकरीची आशा तरी राहील. हे खरंच काही क्षेत्र आहे का? त्यावर पोट भरतं का?
– एक आई

उत्तर : ताई, आधी तिच्या बाबांच्या शंकेबद्दल बोलते, कारण ती रास्त आहे. हे क्षेत्र आहे आणि त्यात पगारही मिळतो. पण जागा थोड्या आहेत आणि त्यातल्या बऱ्याचशा कंत्राटी, प्रकल्पापुरत्या. त्यामुळे यात उतरायचं तर हाताशी एक पक्की पदवी ठेवूनच उतरायचं. माझ्या सगळ्या सल्ल्याचा पाया हाच आहे.

मुलीने पाहिली ती बस बहुधा छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयाची ‘म्युझियम ऑन व्हील्स’ असणार. २०१५ साली सिटी इंडियाच्या आर्थिक मदतीने ती सुरू झाली आणि पहिलं प्रदर्शन हडप्पा संस्कृतीवर होतं. कल्पना मात्र त्याहून जुनी आहे. कोलकात्याच्या बिर्ला औद्योगिक व तंत्रज्ञान संग्रहालयाने १९६५ सालीच विज्ञानाची प्रदर्शनं बसमध्ये मांडून खेड्यांत न्यायला सुरुवात केली. आज मुंबईचं नेहरू विज्ञान केंद्र आणि नागपूरचं रमण विज्ञान केंद्रही अशा फिरत्या बस चालवतात. ही केंद्र सरकारची यंत्रणा असल्यामुळे तिथे कायम पदांच्या जाहिराती अधूनमधून निघतात. मांडणीचं काम करणाऱ्या प्रदर्शन सहायकाला साधारणपणे दृश्यकलेची पदवी लागते, शिक्षण सहायकाला विज्ञानाची.

मुलीला बसमध्ये उभं राहून माहिती सांगणारे ताई-दादा दिसले असतील. त्यांच्या मागे जे काम चालतं ते तिला आवडेल का, हे पाहणं महत्त्वाचं आहे. बसमध्ये पुष्कळशा प्रतिकृती असतात, म्हणून मुलांना वस्तू हातात घेता येतात. पण एखादं संग्रहालय मूळ चित्र दुसऱ्या गावच्या सभागृहाला महिना-दोन महिन्यांसाठी उसनं देतं, तेव्हा सगळी शिस्तच बदलते. चित्र निघण्याआधी एक जण टेबलाशी बसतो, टॉर्चचा झोत कडेने तिरका पाडतो आणि रंगाला गेलेला प्रत्येक तडा, चौकटीचा उडालेला टवका, कोपऱ्यातला ओलीचा डाग नकाशासारखा कागदावर उतरवतो, सोबत फोटोही काढतो. पलीकडे पेटी पोहोचली की लगेच उघडत नाहीत. नव्या खोलीच्या हवेची सवय व्हावी म्हणून ती साधारण चोवीस तास तशीच ठेवतात. मग तोच कागद समोर धरून पुन्हा तपासणी होते, दोन्हीकडच्या सह्या होतात. प्रदर्शन संपून चित्र परत येईपर्यंत हेच चालू राहतं. कागदावरची चित्रं आणि जुनी वस्त्रं यांच्यावर ५० लक्सपेक्षा (लक्स म्हणजे उजेड मोजायचं एकक) जास्त उजेड नको, हा सर्वसाधारण दंडक. सभागृहाच्या खिडकीतून दुपारचं ऊन येत असेल तर तिथल्या मंडळींना न दुखावता पडदे लावून घेणं, हेही याच माणसाचं काम.

एवढी चिकाटी तिच्यात असेल तर मी मनापासून सांगेन, तिला अडवू नका. मंगळवेढ्याच्या किंवा करमाळ्याच्या मुलीला जहांगीर आर्ट गॅलरीच्या पायऱ्या चढायला मिळत नाहीत, पण चित्र आणि शिल्प बघण्याचा तिचा हक्क मुंबईच्या मुलीइतकाच आहे. तो हक्क कोणीतरी रस्त्याने तिच्यापर्यंत नेतं, आणि हे काम गावातून आलेल्या माणसाला जास्त नीट जमतं, असं माझं ठाम मत आहे. ग्रामपंचायतीत कोणाशी बोलायचं, बायका कोणत्या वेळी मोकळ्या असतात, सुगीच्या दिवसांत प्रदर्शन का लावू नये, हे तिला वेगळं शिकवावं लागणार नाही.

पैशाची बाजू मात्र डोळ्यांआड करू नका. पॅरिसच्या पाँपिदू केंद्राने, म्हणजे तिथल्या आधुनिक कलेच्या मोठ्या संग्रहालयाने, २०११ मध्ये पिकासो, मातीस यांची मूळ चित्रं फिरत्या तंबूंतून फ्रान्सच्या छोट्या गावांत नेली. लोकांनी भरभरून गर्दी केली, तरी निधीअभावी २०१३ मध्ये तो उपक्रम थांबला. एवढ्या मोठ्या संस्थेचं असं होतं, तर आपल्याकडे देणगीदारावर चालणाऱ्या प्रकल्पात काम करणाऱ्याने पुढच्या वर्षाची सोय मनात ठेवलीच पाहिजे.

म्हणून बारावीनंतर लगेच वेगळं काही शोधू नका. इतिहास घेऊन बी.ए. करू द्या, किंवा हात चित्रकलेत चांगला असेल तर बी.एफ.ए., म्हणजे दृश्यकलेची पदवी. त्यानंतर वस्तुसंग्रहालयशास्त्र. बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठात या विषयाचा विभाग १९५२ पासून आहे. मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयातही पदव्युत्तर पदविका चालते. पुण्याच्या डेक्कन कॉलेजातलं पुरातत्त्वाचं एम.ए. हीदेखील चांगली वाट आहे. प्रवेशाच्या अटी आणि शुल्क बदलत असतात, ते त्या-त्या वर्षी संस्थेकडूनच विचारून घ्या. बी.ए. झाल्यावर बी.एड.चं दार उघडंच राहतं, हे तिच्या बाबांना आवर्जून सांगा. संग्रहालयांच्या शिक्षण विभागात बी.एड. झालेल्या उमेदवाराकडे कोणी कमीपणाने पाहत नाही, उलट त्याचा उपयोगच होतो.

परीक्षा संपली की तिला एक काम द्या. गावातल्या घरांतून जुनी पायली, अडकित्ते, जातं, इरकली लुगडी, कोणाकडची चांदीची पेटी अशा वीसेक वस्तू मागून आणू द्या. प्रत्येक वस्तू घेताना मालकासमोर तिची अवस्था वहीत लिहायची, फोटो काढायचा, सही घ्यायची. शाळेच्या एका खोलीत दोन दिवस मांडायचं, चिठ्ठ्या तिनेच लिहायच्या आणि कोण कोणत्या वस्तूपाशी थांबलं, काय विचारलं, याची नोंद ठेवायची. शेवटी प्रत्येक वस्तू सहीनिशी परत. ती वही जपून ठेवा, पुढे प्रवेशाच्या मुलाखतीत ती टेबलावर ठेवता येईल. आणि वस्तू परत करतानाही तिचा उत्साह टिकला, तर बडोद्याच्या चौकशीला लागा.