ठरावावर सही करू का, असं विचारलंस म्हणून

पोरी,

वकिलांच्या बार रूममध्ये फिरणारा तो बहिष्काराच्या ठरावाचा मसुदा वाचला. जज्जसाहेब जामीन नाकारतात, स्टे देत नाहीत, ज्युनिअरांवर ओरडतात, युक्तिवाद संपल्यावर राखून ठेवलेले निकाल महिनोन्‌महिने देत नाहीत. म्हणून त्यांच्या कोर्टात कुणी उभं राहायचं नाही. सगळं एकाच पिशवीत कोंबलंय!

निकाल चुकला तर अपील, वागणूक चुकली तर तक्रार. जामीन नाकारला ना? मग हायकोर्टात जा. त्याबद्दल जज्जाला धडा शिकवायला निघालात, तर उद्या तो बार रूमकडे बघून जामीन देईल, परवा कलेक्टर कचेरीकडे बघून. 1976 मध्ये सुप्रीम कोर्टाचे न्यायमूर्ती हंसराज खन्नांनी आणीबाणीतल्या स्थानबद्धांच्या बाजूने एकट्याने भिन्नमत दिलं, तर पुढच्याच वर्षी सरकारने त्यांना डावलून दुसऱ्याला सरन्यायाधीश केलं. आपण त्यावर भाषणं ठोकतो आणि तालुक्याला तेच करतो.

राखून ठेवलेल्या निकालांचं मात्र सोडू नकोस. दिवाणी प्रक्रिया संहितेची ऑर्डर 20 बघ: सुनावणी संपल्यावर निकालाला 30 दिवस, अपवाद म्हणून 60. रोजनाम्याच्या, म्हणजे प्रकरणाच्या तारीखवार नोंदींच्या, नकला काढ. युक्तिवाद कधी संपला आणि नंतर नुसत्या 'निकालासाठी' किती तारखा पडल्या, सगळं त्यात असतं. शपथपत्र जोडून हायकोर्टाकडे पाठव. संविधानाच्या कलम 235 प्रमाणे खालच्या कोर्टांवर नियंत्रण त्यांचंच. आणि स्वतःच्या नावाने पाठव. निनावी अर्जांचा मला तिटकारा आहे.

वरच्या कोर्टांतल्या जज्जांना कोण विचारतं, म्हणशील. खरंय. 1993 साली चौकशी समितीने ठपका ठेवूनही सुप्रीम कोर्टाचे न्यायमूर्ती रामस्वामी यांना पदावरून दूर करण्याचा प्रस्ताव लोकसभेत पडला, कारण काँग्रेसचे खासदार मत न देता बसून राहिले. 1995 साली मुंबई हायकोर्टाचे मुख्य न्यायमूर्ती भट्टाचारजी वकील संघटनांच्या ठरावांनंतर पायउतार झाले. त्यावर सुप्रीम कोर्टाने बजावलं की राजीनाम्यासाठी बारने दबाव आणायचा नाही, तक्रार सरन्यायाधीशांपुढे न्यायची. त्यातूनच जज्जांनीच जज्जांची करायची अंतर्गत चौकशी आली, तीही बंद दाराआड. मला ती अपुरी वाटते, अहवाल लोकांपुढे यायलाच हवा. पण म्हणून ठराव नको. निकालाला अपील, वागणुकीला तक्रार!

मीही एकदा सही नाकारली होती. जवळचे दोस्त बोलेनासे झाले, एकाने तर मुलीच्या लग्नाची पत्रिकाही दिली नाही. ते अजून सलतं. पण सही करणारेच त्या जज्जांच्या बदलीला हार घेऊन पुढे होते, मी नव्हतो!

सोमवारी नकलेचा अर्ज टाक. ओरडण्याचंही लिही, पण कोणत्या तारखेला, कोणत्या प्रकरणात, काय शब्द, ते सगळं. 'नेहमी ओरडतात' असलं मोघम लिहिलंस तर कागद परत पाठवीन.