‘रविवारी घरी येता येईल का?’

ताई, आम्ही एडिसनला राहतो. मुलगा आठवीत आहे. 10 मार्चला न्यू इंग्लंडमधल्या एका नावाजलेल्या बोर्डिंग प्रेप स्कूलमधून, म्हणजे तिथेच राहून कॉलेजची तयारी करायच्या शाळेतून, पत्र आलं, त्याला नववीसाठी प्रवेश मिळालाय. फी वर्षाला 72,000 डॉलर, त्यातले 30,000 शाळा माफ करतेय. उरलेल्या पैशांसाठी घरावर कर्ज काढू, असं हे म्हणतात. शाळेच्या माहितीपुस्तकात तिथली मुलं कुठल्या कुठल्या कॉलेजांत गेली त्याची यादी आहे, तिच्यातल्या हार्वर्ड-येलसारख्या आयव्ही लीगच्या नावांवर यांनी पेनाने खुणा करून ठेवल्यात. धाकटी नऊ वर्षांची आहे, सासूबाई आमच्याकडेच असतात. मुलगा हो म्हणत नाही, नाहीही म्हणत नाही. एकदाच विचारलं त्याने, ‘रविवारी घरी येता येईल का?’ 10 एप्रिलपर्यंत कळवायचंय. तुम्ही अशाच शाळेत शिकलात असं तुमच्या एका लेखात वाचलं होतं. पाठवू का?
– एक आई, न्यू जर्सी

सप्रेम नमस्कार.

आधी उत्तर देते, कारण तुमच्या हातात दिवस थोडे आहेत. आयव्ही लीगसाठी म्हणून आणि घरावर कर्ज काढून पाठवायचं असेल, तर पाठवू नका. मुलालाच मनापासून जायचं असेल तर मात्र सगळा हिशोब नव्याने मांडा.

त्या शाळांवर माझा राग नाही. 1998 ते 2002 अशी चार वर्षं मी त्यांतल्याच एका शाळेत काढली, जवळजवळ पूर्ण शिष्यवृत्तीवर. तिथे जे मिळालं ते मला दुसरीकडे मिळालं नसतं असं आजही वाटतं. फक्त ते कुठल्या यादीत छापलेलं नसतं, म्हणून तेच आधी सांगते.

आमचे वर्ग एका मोठ्या लंबगोल टेबलाभोवती भरायचे. ही पद्धत मूळची न्यू इंग्लंडमधल्याच एक्झिटर या जुन्या प्रेप स्कूलची. एडवर्ड हार्कनेस या दानशूर गृहस्थांनी 1930 मध्ये त्या शाळेला मोठी देणगी दिली, त्यातून बाकांच्या रांगा जाऊन टेबलं आली, आणि पुढे कितीतरी शाळांनी ती रीत उचलली. बारा-तेरा मुलं आणि एक शिक्षक, सगळे एकमेकांकडे तोंड करून. शिक्षक बोलतात कमी, ऐकतात जास्त. आदल्या रात्री जे वाचून आलात त्यावर मुलांनीच बोलायचं, दुसऱ्याचं म्हणणं खोडायचं, आपलं चुकलं तर तिथल्या तिथे मान्य करायचं. तोवर मी शाळेतली हुशार मुलगी होते. विचारलं की बरोबर उत्तर द्यायचं, एवढं मला येत होतं. इथे मला कोणी विचारतच नव्हतं.

पहिले सहा आठवडे मी तोंड उघडलं नाही. आमच्या इंग्रजीच्या बाई कागदावर टेबलाची आकृती काढायच्या आणि कोण कोणाशी बोललं त्याच्या रेघा तासभर ओढत बसायच्या. एका शुक्रवारी त्यांनी तो कागद माझ्यापुढे ठेवला. सगळीकडे रेघांचं जाळं, आणि माझ्या नावाच्या ठिपक्याला एकही रेघ नाही. बाई रागावल्या नाहीत. म्हणाल्या, सोमवारी पहिलं वाक्य तुझं, रविवारी संध्याकाळी माझ्याकडे येऊन ते म्हणून बघ. त्या आमच्याच वसतिगृहात खालच्या मजल्यावर राहायच्या. रविवारी मी त्यांच्या स्वयंपाकघरात बसून ते एक वाक्य पाच वेळा म्हटलं. सोमवारी वर्गात बोलले तेव्हा आवाज कापत होता. तास संपल्यावर बाईंनी कागद दाखवला. माझ्या ठिपक्यापासून तीन रेघा निघाल्या होत्या.

अशा शाळेची फी खरी जाते ती इथे. तुमच्या मुलाच्या इमारतीत राहणारा, तो गप्प झाला तर ज्याच्या लक्षात येईल असा एक मोठा माणूस, आणि रोज चार-पाच तास बोलायला लावणारं ते टेबल. पब्लिक स्कूलमधले, म्हणजे इथल्या सरकारी शाळांतले, शिक्षकही जीव तोडून शिकवतात, पण दिवसाला शंभरावर मुलं समोरून जात असतील तर एकेकाच्या रेघा मोजायला वेळ कुठून आणायचा? जो मुलगा घरी भरभरून बोलतो आणि वर्गात मागे दडतो, त्याला हे टेबल आयुष्यभर पुरतं. मला पुरलंय.

आता त्यासाठी काय गेलं ते सांगते. माझ्या वेळी मजल्यावर एकच फोन होता, कॉरिडॉरच्या टोकाला. रविवारी रात्री आठला आईचा फोन यायचा. मागे मुली रांगेत उभ्या असायच्या. मराठीत बोलायला लागले की माझा आवाज आपोआप खाली जायचा. पहिल्या दिवाळीला आईने विचारलं, ‘फराळाचा डबा पोचला का गं?’ आणि मी इंग्रजीत उत्तर दिलं. ती काही बोलली नाही. दुसऱ्या वर्षी सगळंच इंग्रजीत. पोरगी शिकतेय, या आनंदात तिने तक्रारही केली नाही. त्याच वर्षी पुण्याहून आजी सहा महिन्यांसाठी आली. त्यातले मी तिच्याबरोबर काढले थँक्सगिव्हिंगचे पाच दिवस आणि नाताळच्या सुट्टीचे सोळा. ती पुन्हा अमेरिकेत आली नाही. आज तुम्ही वाचताय ती माझी मराठी कॉलेज संपल्यावर पुन्हा शिकलेली आहे. मी आईला पत्रं लिहायची आणि ती लाल पेनाने दुरुस्त करून परत पाठवायची.

तुमच्या घरात आजी आहे, नऊ वर्षांची बहीण आहे. मुलांच्या हातात आता व्हिडिओ कॉल आहे हे खरं. पण चौदा वर्षांचा मुलगा मनातलं सांगतो ते ठरवून लावलेल्या कॉलवर सांगत नाही. रात्री साडेदहाला फ्रिज उघडून उभा असताना सांगतो, आणि तेव्हा कोणीतरी स्वयंपाकघरात असावं लागतं.

आता यजमानांच्या पेनाच्या खुणांकडे येते. त्यांना हा भाग जरूर वाचायला द्या.

या शाळा जुन्या आहेत: अँडोव्हर 1778 ची, एक्झिटर 1781 ची, आपल्या न्यू जर्सीतली लॉरेन्सव्हिल 1810 ची. ‘प्रेप’ म्हणजेच कॉलेजची पूर्वतयारी, आणि एके काळी हे नातं फार सरळ होतं. विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत अशा शाळांच्या मुख्याध्यापकांचा शब्द हार्वर्ड-येलमध्ये चालायचा. आता तसं राहिलेलं नाही, यादी मात्र छापली जाते. आणि तिथे कोण गेलं हे ती यादी सांगत नाही. त्यात ज्यांचे आईवडील त्याच कॉलेजात शिकले अशी मुलं असतात, म्हणजे ज्याला इथे लेगसी म्हणतात ती. रोइंग, लॅक्रोस, स्क्वॉशसाठी प्रशिक्षकांनी हेरलेली मुलं असतात. राज चेट्टी आणि त्यांच्या सहकारी अर्थतज्ज्ञांनी 2023 मध्ये नेमकं हेच तपासलं: परीक्षेतले गुण सारखे असूनही सर्वांत श्रीमंत 1 टक्का घरांतल्या मुलांना आयव्ही दर्जाच्या कॉलेजांत मध्यमवर्गीय मुलांपेक्षा जास्त प्रवेश मिळतो. कारणं तीन निघाली – लेगसी, खेळाडूंची भरती, आणि अभ्यासाबाहेरच्या गोष्टींना मिळणारं झुकतं माप. तिसऱ्या कारणात खाजगी शाळेचा हात असतो, हे मी मान्य करते. पण पहिली दोन तुमच्या मुलाकडे नाहीत, आणि ती 42,000 डॉलर भरून मिळत नाहीत.

शिवाय कॉलेजं प्रत्येक अर्ज त्या शाळेच्या संदर्भात वाचतात. एडिसनमध्ये तुमचा मुलगा पहिल्या काहीजणांत असेल. तिथे त्या टेबलावरचा प्रत्येकजण आपापल्या गावातला पहिला असतो, आणि त्यातल्या पाच-सहाजणांचा अर्ज एकाच कॉलेजात एकाच माणसाच्या पुढ्यात पडतो. मला इतिहास शिकायचा होता. आमच्या कॉलेज समुपदेशकांनी मला दोनदा विचारलं, घरच्यांना इंजिनिअरिंग नको आहे का? त्याचं मला आजही वाईट वाटतं, कारण चार वर्षं मी त्या शाळेत इतिहासावरच बोलत आले होते. शेवटी मी रटगर्सला, आपल्या न्यू जर्सीच्या सरकारी विद्यापीठात गेले, परवडण्यासारखं होतं म्हणून. तिथे माझ्या शेजारी एडिसनच्या पब्लिक स्कूलमधून आलेली मुलं बसली होती. तीनशे मुलांच्या लेक्चरमध्ये हात वर करायला मी घाबरत नव्हते, हा त्या शाळेचा गुण. पण पोचलो आम्ही सगळे एकाच वर्गात.

पैशांचं थोडक्यात. 42,000 गुणिले चार म्हणजे 1,68,000, तेही फी वाढली नाही तर, आणि ती वाढते. आर्थिक मदतीचा अर्ज दरवर्षी नव्याने करावा लागतो. मुलगा बारावी संपवेल तेव्हा अनेक खाजगी विद्यापीठांचा वर्षाचा 90,000 च्या घरातला खर्च पुढे उभा असेल, आणि त्याच वर्षी धाकटी नववीत जाईल. तिला काय सांगाल? मुलांच्या कॉलेजसाठी उघडलेलं 529 खातं असेल तर त्यातले पैसे 2018 पासून शाळेच्या फीसाठीही काढता येतात, कोणीतरी ते सुचवेलच. त्याला हात लावू नका. ज्या शाळांसाठी तुम्ही दरवर्षी एवढा प्रॉपर्टी टॅक्स भरता, त्यांत डिबेट आहे, मॉक ट्रायल आहे, शाळेचं वर्तमानपत्र आहे. तोंड उघडायला लावणारी एखादी जागा त्याच्यासाठी तिथेही शोधता येईल.

आता त्याचा प्रश्न. ‘रविवारी घरी येता येईल का?’ याचं खरं उत्तर आहे, नाही. अशा बऱ्याच शाळांत शनिवारीही तास आणि सामने असतात. परवानगी घेऊन एखादा शनिवार-रविवार येता येतं, पण न्यू इंग्लंडहून एडिसनला यायचं म्हणजे चार-पाच तासांचा रस्ता. हे त्याला स्पष्ट सांगा, ‘बघू’ म्हणून टोलवू नका. त्याने जाण्या-न-जाण्याचं विचारलंच नाही, घराचं विचारलं, हे मला तुमच्या पत्रात सगळ्यात आधी दिसलं. तरी त्यावरून मी त्याचा निकाल लावणार नाही. मीही जाण्याआधी आईला विचारलं होतं की माझी खोली तशीच ठेवशील ना, आणि मला जायचं होतं.

प्रवेश मिळालेल्या मुलांना या शाळा एप्रिलच्या सुरुवातीला एक दिवस पुन्हा बोलावतात. त्याला घेऊन जा. वर्गात तो एकटा बसेल, तुम्ही बाहेर थांबा. परतताना गाडीत कॉलेजचा विषय कोणीही काढायचा नाही, यजमानांनीही नाही. तो आपणहून काय बोलतो ते ऐका. वर्गातल्या वादाबद्दल बोलायला लागला, तर दुसऱ्याच दिवशी आर्थिक मदतीच्या कार्यालयाला फोन करा. धाकटीचं वय, सासूबाईंचा औषधपाण्याचा खर्च, घराचे हप्ते, सगळं कागदावर मांडून मदत वाढवायला सांगा. असं विचारण्यात कमीपणा नाही, दरवर्षी कितीतरी घरं विचारतात. कर्ज न काढता जमलं तर आनंदाने पाठवा. नाही जमलं, तर दहावीतही या शाळा थोडी नवी मुलं घेतात, पुढच्या वर्षी पुन्हा अर्ज करता येईल.

आणि गाडीत तो हेडफोन लावून बसला, किंवा आजीने डब्यात काय दिलंय एवढंच विचारलं, तर तुम्हाला कळेल. मग शाळेला चार ओळींची ईमेल पाठवा: आभारी आहोत, यंदा जमत नाही. प्रतीक्षा यादीतलं एखादं पोर त्या जागेची वाट बघत असेल, म्हणून 10 तारखेपर्यंत थांबू नका.

तुमची,
ताई