माजी सैनिकाला बंदुकीचा परवाना हक्काने मिळतो का?

तुमचा प्रश्न असा: भाऊ सतरा वर्षं नोकरी करून हवालदार म्हणून बाहेर पडतोय, त्याला बंदुकीचा परवाना हक्काने मिळेल का? स्वित्झर्लंडमध्ये तर सैनिक रायफल घेऊनच घरी जातो म्हणे.

हक्काने नाही मिळणार. अर्ज करता येईल, आणि त्या अर्जात नोकरीचं वजन पडेल, एवढंच. आपल्या राज्यघटनेने अनुच्छेद १९ मध्ये एकत्र जमण्याचं स्वातंत्र्य दिलंय तेसुद्धा शांततेने आणि विनाशस्त्र. बंदूक ठेवायची तर शस्त्र अधिनियम, १९५९ खाली परवाना हवा, आणि तो निवृत्त जनरललाही काढावा लागतो.

सैनिकाचा उल्लेख कायद्यात आहे, पण लोक सांगतात तसा नाही. शस्त्र नियम, २०१६ च्या नियम १२ मध्ये कोणाच्या अर्जाचा विचार करता येईल ते दिलंय. त्यात सैन्यदलात, केंद्रीय सशस्त्र पोलीस दलात किंवा राज्य पोलिसात असलेले वा राहिलेले लोक येतात. मात्र त्याच वाक्यात पुढे जीविताच्या किंवा मालमत्तेच्या रक्षणाची खरी गरज असण्याची अट आहे. 'माजी सैनिक कोटा' म्हणून जे ऐकवलं जातं, त्यात हा उत्तरार्ध गाळलेला असतो. अर्ज फेटाळले जातात ते बहुतेक याच जागी. डिस्चार्ज बुक, पीपीओ (पेन्शनचा आदेश), शौर्यपदकाची प्रत, सगळं जोडलेलं असतं आणि गरजेच्या रकान्यात 'स्वसंरक्षणासाठी' हा एकच शब्द. पोलीस ठाण्याचा अहवाल येतो 'धोका दिसून येत नाही', आणि फाईल बंद. शेत डोंगराला लागून आहे, वस्ती गावापासून दोन किलोमीटरवर आहे, अमुक तारखेला चोरीची तक्रार नोंदवली होती, असं लिहा आणि त्या तक्रारीची प्रत जोडा. फेटाळलाच तर कारणं लेखी मागा, शस्त्र अधिनियमाच्या कलम १८ खाली अपील करा. अपिलाला मुदत असते, कागद हातात आला की लगेच कामाला लागा.

आता खरी दुखरी जागा. भाऊ निवृत्तीनंतर 'गनमन' व्हायचं म्हणून परवाना काढत असेल, तर तिथेच थांबवा त्याला. 'माजी सैनिक पाहिजे, स्वतःची १२ बोअर असल्यास प्राधान्य' (म्हणजे छऱ्यांची बंदूक) अशा जाहिराती तुम्ही पाहिल्या असतील. खासगी सुरक्षा संस्थांच्या २००५ च्या कायद्यात माजी सैनिकाला प्राधान्य देता येतं हे खरं, पण त्याने बंदूक घरून आणावी असं तिथे कुठेही लिहिलेलं नाही. नेहमी घडतं ते असं. जवान पोस्टिंगच्या ठिकाणी शेवटच्या वर्षी परवाना काढतो, कारण तिथे लवकर मिळतो असं कोणीतरी सांगितलेलं असतं. उद्देशाच्या रकान्यात 'स्वसंरक्षण' असतं, पत्ता युनिटचा असतो. मग तो गावी येतो, तिथून पुण्याला नोकरीला लागतो, बंदूक घेऊन एटीएमच्या गाडीबरोबर फिरतो. राहण्याची जागा बदलली की तीस दिवसांत नव्या ठिकाणच्या अधिकाऱ्याकडे नोंद करायची असते, हे त्याला कोणी सांगितलेलं नसतं. जिल्ह्यात तो अधिकारी म्हणजे जिल्हाधिकारी, पुण्या-मुंबईत पोलीस आयुक्त. नूतनीकरणाची वेळ आली की इथलं कार्यालय मूळ जिल्ह्याकडून पडताळणी मागवतं, तिकडून उत्तर येत नाही, आणि मुदत संपते. मुदत संपलेल्या परवान्यावर घरात असलेली बंदूक म्हणजे विनापरवाना बंदूक. २०१९ च्या दुरुस्तीनंतर कलम २५ खाली त्याला किमान दोन आणि कमाल पाच वर्षं कैद आहे. उद्देशाबाहेर वापरली तर अटींचा भंग, कलम ३०, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दंड किंवा दोन्ही. एजन्सी म्हणते, 'तो त्याचा वैयक्तिक परवाना, आमचा संबंध नाही.' मला संताप येतो तो या वाक्याचा. बँकेला किंवा कंपनीला बंदूक हवी असेल तर परवाना तिने स्वतःच्या नावावर घ्यावा आणि रक्षकाचं नाव त्यावर रिटेनर, म्हणजे मालकाच्या वतीने बंदूक बाळगणारा, म्हणून चढवावं. तशी सोय आहे. ती वापरायला खर्च येतो, म्हणून जोखीम हवालदाराच्या अंगावर ढकलली जाते.

जम्मू-काश्मीरचा परवाना असेल तर दुप्पट काळजी घ्या. तिथे २०१२ ते २०१६ दरम्यान दिलेल्या पावणेतीन लाखांहून जास्त परवान्यांची सीबीआय चौकशी झाली, आणि त्यात सैनिकांच्या नावावरचे परवाने मोठ्या संख्येने निघाले. परवाना खरा असला तरी आता प्रत्येक ठिकाणी संशयाने पाहिला जातो. यूआयएन, म्हणजे परवानाधारकाचा ओळख क्रमांक, आहे का, आणि तो परवान्यांच्या राष्ट्रीय नोंदीत सापडतो का, हे आधी बघा.

'सीमेवर रायफल चालते, घरी का नाही' हा वाद मी पुष्कळ वेळा ऐकलाय. अहो, ती रायफल कधीच जवानाची नसते. ड्यूटी संपली की ती कोतमध्ये, म्हणजे युनिटच्या शस्त्रागारात जाते, तिच्या दस्त्यावरचा बट नंबर वाचला जातो, रजिस्टरवर सही होते, आणि एक मॅगझिन कमी निघालं तरी अख्खी कंपनी झोपत नाही. परवान्यातून कलम ४५ ची सूट आहे ती याच कर्तव्यापुरती. शिवाय इन्सास किंवा एके या लष्करी रायफली सामान्य परवान्यावर मिळतच नाहीत. मिळतं ते १२ बोअर, .३१५ रायफल, .३२ रिव्हॉल्व्हर, आणि रिव्हॉल्व्हर तर बऱ्याच जवानांनी सतरा वर्षांत हातातही धरलेलं नसतं.

स्वित्झर्लंडमध्ये सेवा चालू असताना रायफल घरी असते, पण मालकी सैन्याची. सेवा संपल्यावर ती विकत घेता येते. त्यासाठी खरेदीचा परवाना लागतो, नेमबाजीत हजेरी दाखवावी लागते आणि सलग गोळीबाराची सोय काढून टाकली जाते. घरी ठेवायची गोळ्यांची पेटी त्यांनी २००७ नंतर परत घेतली.

सैनिकी सेवेशी खरोखर बांधलेली सूट आपल्याकडे आहे ती कर्नाटकातल्या कोडगूमध्ये. कोडवा समाजाला आणि जम्मा जमीनधारकांना परवाना लागत नाही. ही जमीन राजाच्या सैन्यात सेवा करण्याच्या बदल्यात वंशपरंपरेने मिळालेली. १९६३ च्या अधिसूचनेची सूट २०१९ मध्ये आणखी दहा वर्षांसाठी वाढवली गेली. पण ती समाजाला आणि जमिनीला आहे. कोडगूतच स्थायिक झालेल्या साताऱ्याच्या माजी सैनिकालाही ती लागू नाही.

भावाचं वय, तब्येत, गुन्हा नसणं हे धरूनच चाललोय. शेती रानाला लागून असेल आणि डुकरं पीक उपटत असतील, तर वरचं गनमनचं सगळं सोडा आणि पीक संरक्षणासाठी सरळ अर्ज करा. शस्त्र हाताळणीच्या प्रशिक्षणाचं प्रमाणपत्र आणि डॉक्टरांचं प्रमाणपत्र लागेल. शिकारीची परवानगी मात्र वेगळी, वन खात्याची. आणि हो, एका माणसाला दोनच बंदुका ठेवता येतात, आणि घरात आजोबांची ठासणीची बंदूक असेल तर तीही त्या मर्यादेत मोजतात. वारस म्हणून ती आधी कोणाच्या नावावर करायची ते ठरवा, मग नवा अर्ज.