चाफा अशुभ नाही, आणि तेरड्याला कमी लेखू नका

गुहागरच्या नव्या घरापुढे फुलझाडं अर्थ बघून लावायची आहेत आणि शेजाऱ्यांनी पांढरा चाफा अशुभ सांगितलाय, असं तुम्ही विचारलंत. मी वेंगुर्ल्याचा, तीसेक वर्षं बागेत राबतोय, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

तुम्ही दिलेली यादी, म्हणजे लाल गुलाब प्रेमाचा, लिली पावित्र्याची वगैरे, 19व्या शतकात युरोपात रुळली. तिथे ती खरीच होती. पण फूल तेच असून अर्थ कसा बदलतो ते कृष्णकमळात बघा. दक्षिण अमेरिकेत गेलेल्या ख्रिस्ती धर्मप्रसारकांना त्यात येशूचा काटेरी मुकुट, पाच जखमा आणि तीन खिळे दिसले. आपल्या आज्यांनी त्याच तंतूंचे शंभर कौरव केले, पाच पुंकेसरांचे पांडव आणि वरच्या तिघांचे ब्रह्मा-विष्णू-महेश.

आता चाफा. तो कब्रस्तानात लावतात म्हणून लोक बिचकतात. पण आपल्याकडे देवळाच्या आवारातही तोच असतो, देवचाफा म्हणतात ना! पानं झडून नुसते खुंट उरले तरी टोकाला फुलं येतात. छाटलेली फांदी चार दिवस सावलीत सुकवून लावली की जगते. अशा झाडाला मी तरी अशुभ म्हणणार नाही. खुशाल लावा, फक्त चीक अंगावर पडू देऊ नका.

माझा जीव मात्र तेरड्यावर आहे. ‘तेरड्याचा रंग तीन दिवस’ असं आपण नावं ठेवत म्हणतो. पण गौर तरी किती दिवस राहते? अनुराधा नक्षत्रावर येते, ज्येष्ठावर पूजा, मूळ नक्षत्रावर विसर्जन. कोकणात कितीतरी घरांत तेरड्याचीच गौर आणतात, आणि तीही मुळासकट, कारण ती मुळं म्हणजे गौरीची पावलं. आमच्याकडे आई पाणवठ्यावर ती मुळं धुवायची तेव्हा एक तंतू तुटू द्यायची नाही. माहेरपणाला आलेल्या लेकीसारखे ते तीन दिवस असतात. मला त्या म्हणीत आता उथळपणा ऐकूच येत नाही.

जागा असेल तर बकुळ लावा, आमच्याकडे ओवळ म्हणतात. वाढायला सावकाश, पण घरासाठी याहून चांगलं झाड मला ठाऊक नाही. सकाळी खाली पडलेलं फूल उचललंत तर मधोमध आरपार भोक दिसेल, सुई लागत नाही, केळीच्या सोपाच्या दोऱ्यात तशीच ओवता येतात. मे महिन्यात चाकरमानी मुंबईला निघाले की बॅगेत एक माळ जायची. दिवाळीला कपडे काढताना माळ तपकिरी झालेली असते आणि वास जसाच्या तसा. आठवणीचं फूल म्हणायचं तर हेच.

प्राजक्त कुंपणाजवळ चालेल, सत्यभामेच्या अंगणातला रुक्मिणीकडे सांडला तसा तुमचाही शेजारी सांडेल, सांडू द्या. एरवी जमिनीवर पडलेलं फूल देवाला चालत नाही, याचं चालतं. लाल जास्वंद गणपतीसाठी हवीच, तिच्याबद्दल वेगळं काय सांगायचं. कण्हेर मात्र लहान मुलं किंवा गुरं असतील तर अंगणात नको. शुभ-अशुभाचा प्रश्न नाही, झाड मुळापासून फुलापर्यंत विषारी आहे.

तेरडा विकत घेऊ नका. गौरी गेल्यानंतर बांधावरच्या झाडांची बोंडं फुगून पिवळसर झाली की कागदाची पिशवी खाली धरून तोडा. बोट लागलं की फुटतात आणि बी उडून जातं. पुढच्या पावसाच्या तोंडावर कुंपणाकडेने नुसतं फेका.