आधी अर्क ओळख, मग मेंदूचं बोलू

अगं,

तुझा मेल आणि ब्राह्मीच्या अर्काने पेशी वाचतात का, या तुझ्या प्रयोगाच्या प्लेटचे (छोट्या खळग्यांच्या ताटलीचे) फोटो काल रात्री नीट बसून बघितले. विषय मला मनापासून आवडला, पण रिपोर्टमध्ये 'अल्झायमरपासून संरक्षण सिद्ध' असं जे लिहिलंयस ना ते आधी काढ, तेवढा पुरावा अजून तुझ्याकडे नाहीये, आणि हा विषय असा की कुणाच्या तरी घरी आजी नावं विसरायला लागलेली असते, ती माणसं असलं एक वाक्य वाचून गोळ्या बंद करून चूर्ण सुरू करतात.

ब्राह्मी जांभळी नाक्यावरच्या काष्ठौषधीच्या दुकानातून आणलीस म्हणतेस, पण कुठली? त्या नावाखाली बाकोपाही विकतात आणि सेंटेलाही, म्हणजे मंडूकपर्णी. दोन्हींची कुळं वेगळी, रसायनंही वेगळी, एकीत बॅकोसाईड्स तर दुसरीत एशियाटिकोसाईड, आणि कुटलेल्या पावडरीवरून नुसत्या डोळ्यांनी काही कळत नाही. फुलासकट अख्खं रोप मिळव, ठाण्याहून सीएसएमटी लोकल पकड आणि झेवियर्स कॉलेजच्या ब्लॅटर हर्बेरियममध्ये (वाळवलेल्या वनस्पतींच्या संग्रहात) ओळख पटवून घे, मग एचपीटीएलसीवर, म्हणजे अर्कातली रसायनं वेगळी करून दाखवणाऱ्या तंत्राने, मार्करशी (त्या वनस्पतीच्या ओळखीच्या रसायनाशी) ताडून बघ. याला वेळ लागेल, लागू दे. अर्कात काय आहे आणि किती आहे हेच माहीत नसेल तर पुढचे सगळे आकडे हवेत राहतात.

आता प्लेट. एमटीटी या पेशी जिवंत आहेत का बघायच्या चाचणीत पिवळा रंग जिवंत पेशी जांभळा करतात म्हणून जांभळं जास्त म्हणजे पेशी जास्त वाचल्या, असं तू धरलंयस. पण वनस्पतींमधली पॉलिफेनॉल्स पेशी नसतानाही तो रंग जांभळा करू शकतात! तुझ्या प्लेटवर मीडियम (पेशी वाढवायचं द्रावण), अर्क आणि रंग एवढंच असलेला, पेशी नसलेला एकही खळगा दिसला नाही मला. तशा खळग्यांची रांग लाव, प्रत्येक कॉन्सन्ट्रेशनसाठी वेगळी. दुसरं म्हणजे तू अर्क आधी दिलास आणि पेशींना इजा करणारं पेरॉक्साईड नंतर, मधे मीडियम बदललंस का? नसेल तर अर्काने पेरॉक्साईडच संपवून टाकलं असेल, पेशीला काही झालंच नसेल, आणि त्याला संरक्षण म्हणता येत नाही. शिवाय पेशंट कधी येतो ते बघ ना, पार्किन्सनमध्ये हात थरथरायला लागेपर्यंत मेंदूतल्या डोपामाईन बनवणाऱ्या बऱ्याच पेशी आधीच गेलेल्या असतात. म्हणून इजा आधी आणि अर्क नंतर असाही एक सेट करच, त्यात काही नाही मिळालं तरी ते लिही.

आणि तू अर्क वापरलास १०० मायक्रोग्रॅम प्रति मिली, एवढं रक्तात तरी पोचतं का? हळदीच्या कर्क्युमिनचं बघ, डिशमध्ये ते भरपूर काही करतं पण पोटातून रक्तात अगदी थोडं जातं. १९९८ मध्ये बंगळुरूच्या संशोधकांनी दाखवलं की मिऱ्यातल्या पायपरीनसोबत दिलं की माणसात ते प्रमाण कितीतरी पटींनी वाढतं, पण तेच पायपरीन इतर औषधांचंही रक्तातलं प्रमाण वाढवतं, म्हणजे फिटच्या गोळ्या घेणाऱ्याला त्याचा त्रास होऊ शकतो. मेंदूपर्यंत पोचायलाच हवं असंही नाही हं, मानेसरच्या नॅशनल ब्रेन रिसर्च सेंटरच्या २०१२ च्या कामात अश्वगंधेच्या अर्काने उंदरांच्या मेंदूतलं अमायलॉइड (अल्झायमरमध्ये साचणारं प्रथिन) कमी झालं ते यकृतातलं एलआरपी, म्हणजे ते अमायलॉइड काढून घेणारं प्रथिन, वाढल्यामुळे. मला ते काम फार आवडतं, कारण त्यांनी यकृतातलं एलआरपी दाबून परत तपासलं आणि फायदा गेला. नुसतं 'चांगलं होतं' यावर न थांबता कुठून होतं ते त्यांनी शोधलं.

उंदरापासून माणसापर्यंतचं अंतरही लक्षात ठेव. गिंको या झाडाच्या अर्काची मोठी ट्रायल झाली, ७५ वर्षांपुढचे ३०६९ लोक, रोज दोनदा १२० मिलिग्रॅम, सरासरी सहाएक वर्षं, आणि २००८ मध्ये निकाल आला की डिमेन्शिया काही कमी झाला नाही. पण निराश होऊ नकोस, गॅलँटामाईन हे औषध स्नोड्रॉप या फुलझाडाच्या कुळातूनच आलं आणि आज अल्झायमरच्या पेशंटना देतात, लक्षणं थोडी हलकी करतं, आजार थांबवत नाही.

शेवटी पार्किन्सन असलेल्या आजोबांचं विचारलंयस, कवचबीजाचं, म्हणजे खाजकुइलीच्या बियांचं, चूर्ण देऊ का म्हणून. त्या बियांत लेव्होडोपा, म्हणजे पार्किन्सनवरचं औषध, खरंच असतं, १९३७ मध्येच दामोदरन आणि रामस्वामी यांनी ते त्यातून वेगळं केलं होतं. म्हणूनच सांगते, देऊ नकोस! त्यांच्या गोळीतही तेच औषध आहे, वरून चूर्ण दिलंस की डोस वाढेल, हातपाय आपोआप हलायला लागतील, उठताना बीपी पडून चक्कर येईल, आणि कुठल्या पुडीत किती आहे ते कळणारच नाही. वनस्पती म्हणजे निरुपद्रवी असं नसतं, पार्किन्सनचं मॉडेल बनवायला, म्हणजे लॅबमध्ये तसा आजार घडवायला, जे रोटेनोन हे विष वापरतात ते डेरिस या वनस्पतीच्या मुळांतलंच. आई आधीच काही देत असेल तर रागावू नकोस तिच्यावर, पण पुडी घेऊन न्यूरोलॉजिस्टकडे जा आणि सगळं सांगा, आणि त्यांना विचारल्याशिवाय गोळी अचानक बंद करू नका.

पुढच्या शनिवारी वाशीला ये, दुपारी मी घरीच आहे. बिनपेशींच्या रांगेचे आकडे आण, कच्चे, एक्सेलमध्ये, ग्राफ नको. मग ठरवू रिपोर्टमध्ये काय लिहायचं ते.

मॅडम