‘फुकटात जिंकली’ म्हणण्याआधी

वाचकांचे प्रश्न : सायकल शर्यत

गेल्या अंकात टोकियो ऑलिंपिकमधल्या ॲना किसेनहोफरच्या आणि 2016 च्या पॅरिस–रुबे या फ्रान्समधल्या दगडी रस्त्यांवरच्या शर्यतीतल्या मॅथ्यू हेमनच्या अनपेक्षित विजयांविषयी लिहिलं होतं. त्यावर नागपुरातून आलेल्या पत्रांपैकी चार पत्रांना इथं उत्तरं देत आहोत.

टोकियो ऑलिंपिकची महिलांची शर्यत आमच्या रविवारच्या ग्रुपनं पुन्हा पाहिली. किसेनहोफर जिंकली तेव्हा अर्धे जण नाचले, अर्धे म्हणाले, डच बायकांच्या चुकीमुळे पदक फुकटात मिळालं. मागे एवढ्या दिग्गज होत्या, तर पकडलं काहून नाही?
(धरमपेठ)

फुकटात काहीही मिळालं नाही. 25 जुलै 2021 ची ती शर्यत 137 किलोमीटरची होती. ऑस्ट्रियाची ही एकटीच स्पर्धक, गणितातली डॉक्टरेट, कुठल्याही व्यावसायिक संघात नाही. झेंडा पडताच ती निघाली, सोबत आणखी चौघी. शेवटचे 41 किलोमीटर ती एकटी होती आणि आनेमीक फान फ्लॉयटेनच्या 1 मिनिट 15 सेकंद आधी पोहोचली.

पकडलं का नाही, याचं उत्तर वाऱ्यात आहे. सपाट रस्त्यावर ताशी 40 किलोमीटरनं एकट्यानं जायला साधारण 300 वॅट लागतात. कुणाच्या तरी चाकामागे आडोशाला बसलं की 200 च्या आसपास भागतं. म्हणून मोठी टोळी, म्हणजे पेलोटॉन, एकट्या स्वारापेक्षा जोरात जाऊ शकते. मात्र त्यासाठी पुढे येऊन वारा अंगावर घेणारं कुणीतरी लागतं. टूर द फ्रान्समध्ये संघात आठ जण असतात आणि त्यातले बरेचसे याच कामासाठी घेतलेले असतात. टोकियोत कुठल्याही देशाला चारपेक्षा जास्त जागा नव्हत्या. नेदरलँड्सच्या चौघी, म्हणजे फान फ्लॉयटेन, मारियाने फॉस, आना फान डर ब्रेखन आणि डेमी फोलेरिंग, चौघीही जिंकू शकणाऱ्या. बाकी देशांचं म्हणणं सरळ होतं : तुम्ही चौघी आहात, तुम्हीच ओढा. आणि दुसऱ्याला आडोसा देऊन स्वतः दमायला कुणीच तयार नव्हतं. तोवर पुढच्यांची आघाडी दहा मिनिटांच्या वर गेली होती.

फ्रेंच क्रीडा-पत्रकार रोबेर शापात यांच्या नावानं ओळखला जाणारा एक आडाखा आहे : शेवटच्या टप्प्यात पेलोटॉन दर 10 किलोमीटरला सुमारे एक मिनिट भरून काढतं. पुढचा ताशी 40 नं जात असेल, तर मागच्यांनी 43 नं गेलं की झालं. म्हणजे 30 किलोमीटर उरले असताना तीन मिनिटांची आघाडी असेल, तर सामना बरोबरीचा. चढावर मात्र हा आडाखा लावू नका. वेग कमी झाला की आडोशाचा फायदाही आटतो. आणि सुरुवातीला फरक हळू घटताना दिसला तर घाई करून निष्कर्ष काढू नका. फार लवकर पकडलं की नवे हल्ले, म्हणजे निसटायचे प्रयत्न, सुरू होतात, म्हणून संघ मुद्दाम दोरी ढिली ठेवतात.

ग्रुपमध्ये करून पाहा. पहाटे, रहदारी नसलेल्या रस्त्यावर 20 किलोमीटर. सगळ्यांत हळू जाणाऱ्या दोघांना पाच मिनिटं आधी सोडा. ते 28 नं गेले आणि मागचे आठ जण 32 नं, तर कागदावर मोठी टोळी अवघ्या 21 सेकंदांनी जिंकते. मागच्यांपैकी दोघांनी पुढे यायचं नाकारलं की ते 21 सेकंद कुठे जातात, ते डोळ्यांनी दिसेल.

फान फ्लॉयटेननं दुसरी येऊनही हात उंचावले. आमच्याकडे त्यावर अजून हसतात. इतक्या मोठ्या खेळाडूला पुढे कोण आहे हेच कळू नये?
(सदर)

हसू नये असं आम्हाला मनापासून वाटतं. ऑलिंपिकमध्ये स्वारांच्या कानात रेडिओ नसतो. फरक कळतो तो मोटरसायकलवरून दाखवल्या जाणाऱ्या फळीवरून आणि संघाच्या गाडीतून, तेही गाडीपर्यंत पोहोचता आलं तर. शेवटच्या काही किलोमीटरमध्ये पोलंडची आना प्लिख्ता आणि इस्रायलची ओमेर शापिरा पकडल्या गेल्या, तेव्हा मागच्यांचा समज झाला की पुढे आता कुणी नाही. तिसरी, किसेनहोफर, तर एकटी, नजरेपलीकडे. ज्या शर्यतींत रेडिओ चालतो तिथं ही चूक क्वचितच होते.

मी टॉम बूननचा चाहता. 2016 च्या पॅरिस–रुबेत त्याचा पाचवा विजय हुकला, तेव्हा हेमनचा रागच आला होता. आता स्वतःचं मनगट मोडलंय आणि हेमनसारखं घरी ट्रेनरवर, म्हणजे सायकल जागेवरच चालवायच्या स्टँडवर, चालवायचा विचार आहे. मे महिन्यात जमेल का?
(मानेवाडा)

राग सोडून द्या. 37 वर्षांच्या हेमनचा हात शर्यतीच्या सहा आठवडे आधी, 27 फेब्रुवारीला मोडला होता. गॅरेजमधल्या ट्रेनरनं त्याचा दम टिकवला, पण जिंकवलं ते आधीच्या चौदा रुबेंनी. शर्यत जिथं संपते त्या वेलोड्रोममध्ये, म्हणजे सायकलच्या गोल ट्रॅकवर, तो आधीच पुढून सुटला. वळणावर बाहेरून ओलांडायचं तर एक मीटर बाहेर जाण्याची किंमत अर्ध्या वर्तुळात तीन मीटरहून जास्त पडते, आणि बूननला तेवढी जागा उरलीच नाही.

आता तुमचं. आधी अस्थितज्ज्ञांची परवानगी घ्या; घामानं प्लास्टर भिजणं आणि हँडलवर भार पडणं, दोन्ही वाईट. पुढच्या चाकाखाली जाड ठोकळा ठेवा म्हणजे शरीर ताठ राहील, आणि दुखरा हात बाजूच्या उंच स्टुलावर उशी ठेवून टेकवा. उभं राहून पेडल मारायचं नाही.

घरात खरा शत्रू उष्णता. पेडलवर 150 वॅट देताना शरीरात त्याच्या तिप्पट-चौपट उष्णता तयार होते आणि समोरून वारा नसतो. छताचा पंखा पुरत नाही. मोठा टेबल फॅन छातीच्या उंचीवर, एक मीटरवर, समोर ठेवा. मेच्या कोरड्या हवेत वाळ्याच्या ताट्यांचा कूलर उत्तम, फक्त खिडकी उघडी हवी. जुलैत तोच कूलर घात करतो : हवा आधीच दमट, त्यात आणखी ओल, मग घाम वाळत नाही. पहाटे साडेपाचला 30 मिनिटांपासून सुरुवात करा, दर दोन दिवसांनी 5 मिनिटं वाढवा. लिटरभर पाण्यात पाव चमचा मीठ, 40 ग्रॅम साखर, अर्धं लिंबू. तासाला 500 ते 750 मिली. गरगरलं किंवा थंडी वाजली तर त्याच क्षणी उतरा. हँडल आणि हेडसेटवर (हँडल जिथं फ्रेममध्ये फिरतं तो सांधा) टॉवेल टाकायला विसरू नका, नागपुरी घाम दोन महिन्यांत बोल्ट गंजवतो.

2011 ची पॅरिस–रुबे योहान फानसमरननं मागचं चाक पंक्चर असताना जिंकली. आमच्या सिमेंट रस्त्यांवर माझी ट्यूब उन्हाळ्यात सारखी जाते. हवा किती ठेवावी?
(हिंगणा रोड)

28 मिमी टायर आणि 70 किलो वजन असेल तर मागे 70, पुढे 65 पीएसआयपासून सुरू करा. सकाळी 25 अंशांत भरलेली 70 ची हवा 45 अंशांत साधारण 75 होते. एवढ्यानं टायर फुटत नाही, तेव्हा भीतीनं हवा सोडू नका. ट्यूबवर शेजारी-शेजारी दोन भोकं दिसली, तर सिमेंटच्या सांध्यावर रिम आपटून ती चिमटली आहे : 5 पीएसआय वाढवा. एकच बारीक भोक असेल, तर टायरच्या आतून कापसाचा बोळा फिरवा. तो अडकेल तिथं तारेचा तुकडा किंवा काच असते. ती काढल्याशिवाय नवी ट्यूब घालू नका.